गाठ औषधाला दाद देईनाशी होते तेव्हा

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे स्तनाच्या कर्करोगावरील हार्मोन थेरपीविषयी, म्हणजे इस्ट्रोजेन या हार्मोनची निर्मिती किंवा परिणाम रोखणाऱ्या उपचारांविषयी, आहेत आणि बहुतेकांची विचारणा एकच आहे : गाठीच्या तपासणीत सगळे अनुकूल दिसत असताना औषध काहींना लागू पडते आणि काहींना पडत नाही, असे का? त्यांतील सहा प्रश्न येथे घेतले आहेत आणि लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. मी गाठींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारी विकृतिशास्त्रज्ञ आहे, त्यामुळे उत्तरे ऊतींच्या बाजूने दिलेली आहेत. कोणाला कोणते औषध द्यायचे हे ठरवण्याचे काम त्या रुग्णाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या कर्करोगतज्ज्ञांचेच आहे.

प्रश्न : माझे वय ५८ आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या अहवालात ‘ईआर ९० टक्के, पीआर ५ टक्के, हर-टू एक-अधिक, केआय-६७ २२ टक्के’ असे लिहिले आहे. लेट्रोझोलची गोळी लागू पडण्याची शक्यता ९० टक्के आहे, असा मी त्याचा अर्थ लावला होता. पण डॉक्टर म्हणाले की तो अर्थ नव्हे. मग हे आकडे नेमके काय सांगतात?

उत्तर : तुमच्यासारखा अर्थ पुष्कळ जणी लावतात आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण अहवाल लिहिताना आम्ही हा खुलासा कधी करतच नाही. ९० टक्के ही पेशींची मोजदाद आहे. काढलेल्या गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवून, मेणाच्या ठोकळ्यात बसवून त्याचा अतिशय पातळ काप काचेवर घेतला जातो आणि इस्ट्रोजेन या हार्मोनच्या ग्राहीला, म्हणजे रिसेप्टरला (अहवालातला ‘ईआर’ तो हाच), नेमके जाऊन चिकटणारे प्रतिपिंड त्यावर सोडले जाते. ज्या पेशींच्या केंद्रकात हा ग्राही असतो, त्यांची केंद्रके तपकिरी रंगतात. तुमच्या गाठीतील दर शंभर कर्कपेशींपैकी सुमारे नव्वद पेशींची केंद्रके तशी रंगली, एवढेच तो आकडा सांगतो.

पण ‘एवढेच’ म्हणताना त्याचे मोल कमी होत नाही. १८९६ मध्ये ग्लासगोचे शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या रुग्णांची अंडाशये काढल्यावर गाठी आक्रसल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा हार्मोन ही संकल्पनाच अजून रुळायची होती. पुढे इतरांनी तोच उपाय केला, तेव्हा साधारण एक तृतीयांश स्त्रियांनाच गुण येतो असे दिसले आणि उरलेल्या दोन तृतीयांश स्त्रियांना का येत नाही, हे कोणालाही सांगता येईना. म्हणजे हार्मोनच्या उपचाराला दाद न देणाऱ्या गाठीचा प्रश्न हा या उपचाराच्या जन्मापासूनचा आहे. त्याचे पहिले समाधानकारक उत्तर १९५८ नंतर, शिकागोमध्ये एलवुड जेन्सन यांच्या कामातून मिळू लागले : इस्ट्रोजेनला धरून ठेवणारे प्रथिन काही गाठींत असते आणि काहींत नसते. आज स्तनाच्या कर्करोगांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कर्करोगांत हा ग्राही सापडतो.

ज्यांच्या गाठीत तो नाही, त्यांना हार्मोन थेरपीचा उपयोग होत नाही, हे आता निर्विवाद आहे. ज्यांच्या गाठीत तो आहे, त्यांच्याबाबत टॅमॉक्सिफेन या ग्राहीला अडवणाऱ्या गोळीच्या अनेक चाचण्यांतील हजारो स्त्रियांची माहिती एकत्र करून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेले विश्लेषण सर्वांत भरवशाचे आहे. पाच वर्षे गोळी घेतल्यास रोग परतण्याचा धोका पहिल्या पाच वर्षांत जवळपास निम्म्यावर येतो, पुढच्या पाच वर्षांत सुमारे एक तृतीयांशाने कमी राहतो आणि पंधरा वर्षांच्या काळात या रोगाने होणारे मृत्यूही सुमारे एक तृतीयांशाने घटतात. तुमच्या वयात, पाळी गेल्यानंतर, लेट्रोझोलसारख्या औषधांनी हा लाभ टॅमॉक्सिफेनपेक्षा काहीसा अधिकच होतो. तरीही धोका निम्म्यावर येणे आणि धोका संपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणूनच डॉक्टरांनी तुमचा अर्थ खोडून काढला.

आता पीआरकडे वळू. प्रोजेस्टेरॉनचा ग्राही बनवण्याचा हुकूम पेशीला इस्ट्रोजेनच्या ग्राहीकडून मिळतो. ईआर भरपूर आणि पीआर नगण्य असे चित्र दिसले, की वरच्या हुकमाची खालपर्यंत अंमलबजावणी होत नसावी, मधे दुसरा कोणता तरी वाढीचा संदेश शिरला असावा, अशी शंका आम्हांला येते आणि अशा गाठींचा कल सरासरीने थोडा अधिक आक्रमक असतो. मात्र येथे दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नये. रोगाचा कल कसा आहे हे सांगणारे चिन्ह आणि अमुक औषधाचा गुण येईल की नाही हे सांगणारे चिन्ह ही एक नव्हेत. त्याच २०११ च्या विश्लेषणात असे दिसले, की ईआर असलेल्या स्त्रियांना टॅमॉक्सिफेनपासून मिळणारा प्रमाणशीर लाभ पीआर असला काय आणि नसला काय, सारखाच होता. तेव्हा पीआर ५ टक्के आहे म्हणून गोळीवरचा विश्वास उडू देण्याचे कारण नाही. कर्करोगाच्या चिन्हांविषयी जे काही लिहिले-बोलले जाते, त्यातला निम्मा गोंधळ या एका गल्लतीतून होतो, असे माझे मत आहे.

हर-टू हे पेशीच्या पृष्ठभागावरचे, वाढीचा संदेश घेणारे प्रथिन आहे; ते एक-अधिक असणे म्हणजे रूढ अर्थाने नकारार्थी. केआय-६७ हे प्रथिन विभाजनाच्या मार्गावर असलेल्या पेशींत दिसते. त्याचे प्रमाण ५ टक्के किंवा त्याहून कमी असेल अथवा ३० टक्के किंवा त्याहून अधिक असेल, तर त्यावर ठामपणे विसंबता येते, असे या विषयातील आंतरराष्ट्रीय गटाचे मत आहे. मधल्या पट्ट्यात दोन अनुभवी तपासनीसांचे आकडेही जुळत नाहीत आणि तुमचा आकडा त्याच पट्ट्यात आहे. या चिन्हाचा खरा उपयोग ते दोनदा मोजले तर होतो. ब्रिटनमधील ‘पोएटिक’ या चाचणीत पाळी गेलेल्या सुमारे ४,५०० स्त्रियांपैकी बहुसंख्य स्त्रियांना शस्त्रक्रियेपूर्वी दोन आठवडे लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोल देऊन केआय-६७ आधी आणि नंतर मोजण्यात आले. हर-टू नसलेल्या गाठींत सुरुवातीला चढा असलेला आकडा दोन आठवड्यांत १० टक्क्यांच्या खाली आला, त्या स्त्रियांमध्ये पाच वर्षांत रोग परतण्याचे प्रमाण ८.४ टक्के होते. ज्यांचा आकडा गोळ्या घेऊनही चढाच राहिला, त्यांच्यात ते २१.५ टक्के होते. गाठ औषधाला दाद देते आहे की नाही, हे इतक्या लवकर आणि इतक्या साध्या तपासणीतून दिसावे, ही मला आजही विलक्षण गोष्ट वाटते. तुमची शस्त्रक्रिया झालेली असल्याने तुमच्यासाठी ती वेळ निघून गेली आहे, पण ज्यांची व्हायची आहे त्यांनी डॉक्टरांशी याविषयी जरूर बोलावे.

प्रश्न : माझ्या थोरल्या बहिणीची शस्त्रक्रिया चार वर्षांपूर्वी झाली आणि तेव्हापासून ती लेट्रोझोल न चुकता घेते आहे. आता मणक्यात आणि यकृतात रोग दिसला आहे. गाठ औषधाला दाद देईनाशी झाली आहे, असे सांगून डॉक्टर यकृतातून सुईने पुन्हा तुकडा काढायला आणि रक्ताची एक जनुकीय तपासणी करायला सांगत आहेत. पहिल्या गाठीचा ठोकळा जपून ठेवलेला असताना ताईला पुन्हा सुई का टोचायची? सुईने रोग आणखी पसरणार नाही का?

उत्तर : आधी भीतीविषयी. सुईने तुकडा काढल्यामुळे रुग्णांचे आयुष्य कमी होते, असे इतक्या वर्षांच्या अनुभवात दिसलेले नाही. यकृताच्या बायोप्सीत रक्तस्रावाचा थोडा धोका असतो आणि तो टाळण्यासाठी रक्त गोठण्याच्या तपासण्या आधी केल्या जातात. ताई रक्त पातळ करणारे औषध घेत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आता मूळ प्रश्न. तो ठोकळा चार वर्षांपूर्वीच्या गाठीचा आहे. आज यकृतात वाढत आहेत त्या पेशी चार वर्षे इस्ट्रोजेनवाचून जगून दाखवलेल्या पेशी आहेत. लेट्रोझोल शरीरातील अरोमाटेज हे विकर बंद पाडून इस्ट्रोजेनची निर्मिती जवळजवळ थांबवते. या उपासमारीत बहुतेक कर्कपेशी मरतात किंवा निपचित पडून राहतात, आणि ज्यांना काही ना काही पळवाट सापडते त्या उरतात. ती पळवाट कोणती, हे जुन्या ठोकळ्यात दिसेलच असे नाही, कारण अनेकदा ती तेव्हा तयारच झालेली नसते.

वैद्यकीय परिभाषेत दाद न देण्याचे दोन प्रकार करतात. शस्त्रक्रियेनंतरची हार्मोन थेरपी सुरू असताना पहिल्या दोन वर्षांतच रोग परतला, तर गाठ मुळातच औषधाला न जुमानणारी होती, असे मानतात. दोन वर्षांनंतर उपचार चालू असताना, किंवा ते पूर्ण झाल्यावर वर्षभराच्या आत परतला, तर तो प्रतिरोध नंतर कमावलेला. ताई दुसऱ्या प्रकारात मोडते, आणि या प्रकारात पुढच्या हार्मोन उपचारांना गुण येण्याची आशा तुलनेने चांगली असते.

नव्या तुकड्यात आम्ही पहिल्यांदा हे पाहतो, की हा तोच रोग आहे ना. क्वचित यकृतातला डाग भलत्याच कशाचा तरी निघतो. मग ईआर अजून शिल्लक आहे का, ते पाहतो. दर दहा रुग्णांमागे साधारण एक ते दोघींच्या बाबतीत पहिली गाठ आणि परतलेली गाठ यांचे ग्राही जुळत नाहीत. ईआर पूर्णपणे नाहीसा झाला असेल, तर हार्मोनचा मार्गच बंद होतो आणि ही गोष्ट वेळेवर कळणे फार महत्त्वाचे असते. हर-टूचीही फेरतपासणी करतात. पूर्वी हर-टू एक-अधिक किंवा दोन-अधिक आले आणि जनुकाच्या प्रती वाढलेल्या नसल्या, तर तो अहवाल बाजूला ठेवत असत. २०२२ पासून अशा ‘अल्प हर-टू’ गाठींवरही ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकान हे औषध पुढच्या टप्प्यावर वापरता येते.

बहुतेकींच्या गाठीत मात्र ईआर जागच्या जागी असतो आणि तरीही औषध चालत नाही. असे होण्याचे एक मोठे कारण ईएसआर१ या जनुकातील बदल हे आहे. इस्ट्रोजेनचा ग्राही याच जनुकाच्या आराखड्यावरून बनतो. ग्राहीच्या ज्या भागात इस्ट्रोजेन येऊन बसते, तेथे एखादा अमिनो आम्लाचा घटक बदलला, की तो ग्राही इस्ट्रोजेन नसतानाही कायम चालू अवस्थेत राहतो. दार आतूनच उघडे राहिले, तर बाहेरची किल्ली काढून घेऊन काय होणार? लेट्रोझोल तर नेमकी किल्लीच काढून घेते. उपचारांपूर्वीच्या गाठीत हा बदल फार क्वचित सापडतो, पण लेट्रोझोलच्या जातीची औषधे घेतल्यानंतर पसरलेल्या रोगात तो सुमारे २० ते ४० टक्के स्त्रियांमध्ये आढळतो. तुमच्या प्रश्नाचे सर्वांत सरळ उत्तर हेच आहे : चार वर्षांपूर्वीचा ठोकळा ईएसआर१साठी तपासून ‘बदल नाही’ असा निष्कर्ष आला, तर त्याचा आज काही उपयोग नाही.

हा बदल सापडला, तर लेट्रोझोलच्या जागी त्याच जातीची दुसरी गोळी देण्यात हशील नसते. ग्राहीलाच नष्ट करणारी औषधे अशा वेळी अधिक कामाची ठरतात. फुलव्हेस्ट्रंट हे इंजेक्शन त्यांतले जुने औषध, तर इलासेस्ट्रंट ही गोळी अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने जानेवारी २०२३ मध्ये नेमकी ईएसआर१ बदललेल्या रोगासाठी मंजूर केली. यातून मिळणारा लाभ महिन्यांत मोजावा लागतो, हे मला लपवायचे नाही. ज्या चाचणीवरून ती मंजूर झाली, तीत हा बदल असलेल्या आणि सीडीके-रोधक (पेशीविभाजनाचे चक्र अडवणाऱ्या) औषधासह हार्मोन थेरपी वर्षभर किंवा अधिक काळ चाललेल्या स्त्रियांमध्ये रोग आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ नेहमीच्या औषधांनी १.९ महिने होता आणि इलासेस्ट्रंटने तो ८.६ महिने झाला. ज्यांना आधीच्या उपचारांनी थोडाच काळ साथ दिली होती, त्यांच्यात फरक बराच कमी होता.

रक्ताची तपासणी सांगितली आहे ती याच बदलासाठी. मरणाऱ्या कर्कपेशींच्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात उतरतात आणि त्यांत हा बदल शोधता येतो. शरीरात रोगाची अनेक ठाणी असतील आणि प्रत्येक ठाण्याची पळवाट वेगळी असेल, तर सुईला एकच ठाणे दिसते, रक्तात मात्र सगळ्यांचा अंश मिसळलेला असतो. म्हणून ईएसआर१साठी रक्त अधिक चांगले. मात्र ग्राही शिल्लक आहे की नाही, हे रक्त सांगत नाही, आणि रक्तात काही सापडले नाही म्हणजे बदल नाहीच असेही नव्हे, कारण काही गाठी रक्तात फारच थोडा डीएनए सोडतात. सुई आणि रक्त या दोन्ही तपासण्या एकमेकींना पूरक आहेत, त्यामुळे डॉक्टरांची सूचना मला योग्य वाटते.

दुसरी पळवाट ग्राहीला वळसा घालून जाणारी आहे. पीआयके३सीए या जनुकातील बदलाने पेशीला वाढीचा संदेश दुसऱ्याच वाटेने मिळत राहतो. ईआर असलेल्या आणि हर-टू नसलेल्या सुमारे ४० टक्के गाठींत हा बदल असतो, आणि ईएसआर१च्या उलट, तो बहुधा पहिल्यापासूनच असतो. म्हणजे या एका कामासाठी तुमचा जपून ठेवलेला ठोकळा खरोखर उपयोगी आहे. तो कोठे आहे याची चौकशी करून ठेवा. बदल सापडल्यास फुलव्हेस्ट्रंटच्या जोडीला २०१९ मध्ये मंजूर झालेले अल्पेलिसिब किंवा २०२३ मध्ये मंजूर झालेले कॅपिव्हासर्टिब देता येते. अल्पेलिसिबने रक्तातील साखर पुष्कळ वाढू शकते, त्यामुळे ताईला मधुमेह असल्यास ते आधी सांगणे आवश्यक आहे.

ताईने पॅल्बोसिक्लिब, रायबोसिक्लिब किंवा ॲबेमासिक्लिब यांपैकी काही घेतले आहे का, हे पत्रात नाही. पेशीच्या विभाजनाचे चक्र अडवणारी ही सीडीके-रोधक औषधे हार्मोन थेरपीच्या जोडीने दिली, की रोग बराच अधिक काळ आटोक्यात राहतो. ती कोणाला लागू पडतील, हे आधी सांगणारे चिन्ह पुष्कळ शोधूनही ईआरखेरीज दुसरे हाती लागलेले नाही.

आणखी एक सूचना. मणक्याचा आणि यकृताचा असे दोन पर्याय असताना डॉक्टरांनी यकृत निवडले, ते विचारपूर्वक आहे. हाडाचा तुकडा कापण्याआधी त्यातला चुना काढावा लागतो आणि त्यासाठी तीव्र आम्ल वापरले, तर ग्राहींची प्रथिने आणि डीएनए दोन्ही खराब होतात. ज्यांना हाडाचीच बायोप्सी करावी लागते, त्यांच्या डॉक्टरांनी ‘ग्राही आणि जनुकीय तपासणी करायची आहे’ असे प्रयोगशाळेला आधी कळवले, तर ईडीटीए हे सौम्य द्रावण वापरता येते.

प्रश्न : मी टॅमॉक्सिफेन घेते आणि नैराश्यासाठी पॅरॉक्सेटिनही घेते. या दोन गोळ्या एकत्र घेतल्याने टॅमॉक्सिफेनचा परिणाम होत नाही, असे वाचले. माझी जनुकीय तपासणी करावी का?

उत्तर : येथे दोष गाठीचा नसतो, त्यामुळे याला गाठीचा प्रतिरोध म्हणता येत नाही. टॅमॉक्सिफेन यकृतात गेल्यावर त्यापासून एन्डॉक्सिफेन हा कितीतरी प्रभावी पदार्थ तयार होतो आणि हे काम मुख्यत्वे सीवायपी२डी६ या विकराकडून होते. पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन हे विकर जोरात रोखतात. हे विकर जन्मतःच मंद असलेल्या स्त्रियांना टॅमॉक्सिफेनचा लाभ कमी होतो का, याविषयी अभ्यासांचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत, म्हणून सरसकट जनुकीय तपासणीची शिफारस केली जात नाही. पण विकर रोखणारे औषध टाळता येण्यासारखे असेल तर टाळावे, यावर मतभेद नाहीत. व्हेन्लाफॅक्सिनसारखे पर्याय या विकराला फारसे अडवत नाहीत. पॅरॉक्सेटिन मात्र स्वतःहून एकदम बंद करू नका. त्याने वेगळाच त्रास सुरू होतो. मनोविकारतज्ज्ञ आणि कर्करोगतज्ज्ञ या दोघांना एकमेकांची औषधे दाखवा.

प्रश्न : २१ जनुकांच्या चाचणीत माझा गुणांक १६ आला आणि किमोथेरपी नको असे ठरले. याचा अर्थ हार्मोनची गोळी मला नक्की लागू पडणार, असा घ्यावा का?

उत्तर : नाही. ही चाचणी गाठीच्या मेणातल्या तुकड्यावरच होते आणि तीत कर्करोगाशी संबंधित १६ व तुलनेसाठी ५ जनुकांची हालचाल मोजून शून्य ते शंभर असा गुणांक काढतात. २०१८ मध्ये निष्कर्ष जाहीर झालेल्या ‘टेलर-एक्स’ चाचणीत, काखेतील लसिका ग्रंथींपर्यंत रोग न पोहोचलेल्या आणि ११ ते २५ गुणांक असलेल्या स्त्रियांना एकंदरीत किमोथेरपीने अधिक लाभ झाला नाही. पन्नाशीच्या आतील स्त्रियांमध्ये मात्र १६ आणि त्यापुढील गुणांकाला थोडा लाभ दिसला. त्या चाचणीत दोन्ही गटांतील सर्व स्त्रियांना हार्मोन थेरपी दिलेली होती. म्हणजे तुमच्या गुणांकाने किमोथेरपी वाचवली आहे ती गोळ्या नियमित घेतल्या जातील, या गृहीतावर. तुमचे वय पत्रात नाही. ते पन्नाशीच्या आत असेल, तर वरचा अपवाद लक्षात घेऊनच निर्णय झाला आहे ना, एवढे डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : एका प्रयोगशाळेने माझ्या आईचा ईआर शून्य सांगितला, तर दुसरीने त्याच गाठीचा ईआर ५ टक्के सांगितला. खरे कोणाचे मानायचे? आणि ५ टक्क्यांना गोळी द्यायची की नाही?

उत्तर : दोन्ही अहवाल प्रामाणिक असू शकतात. गाठीचे वेगवेगळे भाग सारखे रंगत नाहीत, आणि एक टक्का व शून्य यांच्यातील सीमारेषेवर हा फरक निर्णायक ठरतो. पण त्याआधी मी दुसरीच गोष्ट तपासेन : तुकडा नीट जपला गेला होता का? गाठ काढल्यापासून तासाभराच्या आत ती फॉर्मॅलिनमध्ये गेली पाहिजे आणि तेथे कमीत कमी ६, जास्तीत जास्त ७२ तास राहिली पाहिजे. उशीर झाला, तर ग्राही नष्ट होऊ लागतात आणि अहवालात खोटा शून्य येतो. हे ओळखण्याची एक सोपी खूण काचेवरच असते : कर्करोगाच्या शेजारी स्तनाच्या निरोगी नलिका असतात, त्यांतील काही पेशींत ईआर असायलाच हवा. त्याही रंगल्या नसतील, तर तपासणीच बाद समजून पुन्हा करावी लागते. शून्य सांगणाऱ्या प्रयोगशाळेला ‘निरोगी नलिका रंगल्या होत्या का?’ एवढे जरूर विचारा आणि दोन्ही काचा तिसऱ्या विकृतिशास्त्रज्ञाला दाखवा. अशा विचारणेचा कोणीही राग मानू नये. आम्ही आपसांतही काचा दाखवून मते घेतच असतो.

२०१० पासून १ टक्का किंवा अधिक केंद्रके रंगली तर ईआर आहे, असे धरले जाते. २०२० मध्ये त्यात भर पडली, की १ ते १० टक्क्यांच्या गाठींना ‘अल्प ईआर’ असे वेगळे नाव द्यावे, कारण त्यांतल्या अनेक गाठी वागायला ईआर नसलेल्या गाठींसारख्याच असतात आणि हार्मोन थेरपीचा त्यांना होणारा लाभ मर्यादित व अनिश्चित आहे. हा नियम करणाऱ्यांनी लाभाची शक्यता पूर्णपणे नाकारलेली नाही, म्हणून गोळी देऊ करतात. पण आईच्या बाबतीत केवळ गोळीवर विसंबून किमोथेरपी टाळली जात असेल, तर तो निर्णय पुन्हा तपासून घ्यावा, असे मला आग्रहाने सांगायचे आहे.

प्रश्न : हे घरात कोणालाही सांगितलेले नाही. सांधे इतके दुखायचे, की गेल्या वर्षी मी ॲनास्ट्रोझोल पाच महिने घेतलेच नाही. डॉक्टरांना ‘चालू आहे’ असे सांगत राहिले. आता पुन्हा सुरू केले आहे. मधल्या काळात गाठीच्या पेशी औषधाला निर्ढावल्या असतील का?

उत्तर : तुम्ही हे लिहिलेत, हे फार बरे केलेत. जिवाणूंवरच्या औषधांबाबत ‘मधेच सोडले तर जंतू निर्ढावतात’ असे आपण ऐकतो, ते येथे तसेच्या तसे लागू होत नाही. मधे खंड पडल्यामुळे कर्कपेशी औषधाला न जुमानणाऱ्या बनतात, असे मानण्यास आधार नाही. नुकसान होते ते वेगळे : त्या पाच महिन्यांत संरक्षण नव्हते. पुन्हा सुरू केलेत, तेच योग्य आहे. ही गोळी अर्धवट सोडणाऱ्या स्त्रिया थोड्याथोडक्या नाहीत, आणि त्यांतल्या पुष्कळ जणी तुमच्यासारख्याच सांधेदुखीने हैराण होऊन सोडतात.

पण डॉक्टरांना हे कळले पाहिजे आणि त्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. उद्या तपासणीत काही निघाले, तर ‘गोळी चालू असताना रोग वाढला’ असे समजून ते या जातीचे औषध निरुपयोगी ठरवतील आणि अधिक त्रासदायक उपचारांकडे वळतील. प्रत्यक्षात औषधाची परीक्षाच झालेली नसेल. आमच्याकडे आलेल्या तुकड्यावरून हा फरक मला ओळखता येत नाही. तो फक्त तुम्हीच सांगू शकता.

सांधेदुखीवर उपाय आहेत. नियमित व्यायामाने ती कमी होते, हे चाचण्यांत दिसले आहे. ड्युलॉक्सेटिन या औषधानेही काहींना आराम पडतो, मात्र ते सीवायपी२डी६ला काही प्रमाणात रोखते, तेव्हा पुढे टॅमॉक्सिफेनवर जायचे ठरल्यास त्याचा फेरविचार करावा लागेल. ॲनास्ट्रोझोल सोसत नसेल, तर काही आठवड्यांच्या विश्रांतीनंतर लेट्रोझोल किंवा एक्झेमेस्टेन देऊन पाहतात, आणि एकीने त्रास झाला म्हणून दुसरीने होईलच असे नसते. पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर बोलणे जड गेले, तर हेच पत्र त्यांच्या हाती द्या. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत गोळी बंद होती, तेवढे मात्र त्यात लिहून न्या.